सोलापूर–मुंबई ३६२ किलोमीटर, मग विमानाला तास का लागतो?

सोलापूर ते मुंबई अंतर किती? रेल्वेने जाणारा सांगेल ४५५ किलोमीटर. गाडी काढून पुण्यावरून जाणारा म्हणेल, चारशेच्या आसपास. आणि हवाई अंतर दाखवणारी एखादी वेबसाइट उघडली, तर तिथे ३६२ लिहिलेलं असतं. तिन्ही आकडे बरोबर आहेत. रेल्वे कुर्डुवाडी, दौंड, पुणे, मग बोरघाट उतरून कर्जत-कल्याण असा फेरा घेते. रस्ता त्याहून थोडा सरळ आहे. वेबसाइट मात्र पृथ्वीच्या पाठीवर दोन टिंबं ठेवून त्यांच्यामध्ये दोरी ताणते आणि दोरीची लांबी सांगते.

खरी गंमत पुढे आहे. जेट विमान ताशी आठशे किलोमीटरने उडतं, म्हणजे ३६२ किलोमीटरला २७ मिनिटं पुरायला हवीत. वेळापत्रकात मात्र तासाच्या वरची वेळ छापलेली असते. वरची चाळीस मिनिटं जातात कुठे? १५ ऑक्टोबर २०२५ पासून होटगी रोडच्या विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हापासून हा हिशेब सोलापूरकरांच्याही कामाचा झाला आहे. तो नीट उलगडून बघू.

आधी अंतर, तेही स्वतः मोजून

यासाठी लागतो फक्त मोबाइलमधला कॅल्क्युलेटर. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. नकाशाच्या ॲपमध्ये धावपट्टीच्या मध्यावर बोट दाबून धरलं की ते दिसतात. सोलापूर विमानतळ: अक्षांश १७.६२८, रेखांश ७५.९३५. मुंबईचा जुना विमानतळ, म्हणजे सांताक्रूझ-अंधेरीचा: अक्षांश १९.०८९, रेखांश ७२.८६८.

उत्तर-दक्षिण एक अंश सरकलं की सुमारे १११.२ किलोमीटर होतात, कुठेही. पूर्व-पश्चिमेचं तसं नाही. रेखांशाच्या रेषा मोसंबीच्या फोडींसारख्या, मध्यावर रुंद आणि टोकांकडे निमुळत्या. म्हणून विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितका एका अंशाचा पूर्व-पश्चिम पट्टा आखूड होत जातो. किती आखूड, ते त्या अक्षांशाचा कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos बटण) सांगतो.

अक्षांशांतला फरक १.४६१. गुणिले १११.२, म्हणजे १६२.५ किलोमीटर. रेखांशांतला फरक ३.०६७. दोन्ही अक्षांशांची सरासरी १८.३६, तिचा कोसाइन ०.९४९. म्हणून ३.०६७ गुणिले ०.९४९ गुणिले १११.२ बरोबर ३२३.७ किलोमीटर. आता शाळेतला पायथागोरस: दोघांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. उत्तर ३६२. वेबसाइटवर हाच आकडा होता.

इथे दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. पहिली चूक अंश-मिनिटांची. बऱ्याच तक्त्यांत सोलापूरचा अक्षांश १७ अंश ३७ मिनिटं ४१ सेकंद असा दिलेला असतो. लोक ते सरळ १७.३७ म्हणून टाकतात. पण अंशाची साठ मिनिटं असतात, शंभर नव्हे. ३७ भागिले ६० आणि ४१ भागिले ३६०० हे दोन्ही १७ मध्ये मिळवल्यावर १७.६२८ येतं. १७.३७ टाकलंत, तर तुमचा विमानतळ होटगी रोडवरून उठून २९ किलोमीटर दक्षिणेला, पार भीमेच्या आसपास जाऊन बसतो.

दुसरी चूक जास्त लबाड आहे. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) लावलेला असेल, तर १८.३६ चा कोसाइन ०.८८२ येतो आणि अंतर ३४२ निघतं. उत्तर इतकं खरं वाटतं की शंकाच येत नाही. तपासणी सोपी आहे: आधी ६० चा कोसाइन काढून बघा. बरोबर ०.५ आला तरच पुढे जा.

वैमानिकांच्या भाषेत हेच अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये असतो. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, आणि एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल. हा विचित्र आकडा आभाळातून पडलेला नाही. अक्षांशाच्या एका मिनिटाची लांबी म्हणजे एक सागरी मैल, ६० मैल म्हणजे एक अंश. नकाशावर अक्षांश वाचता आला की फूटपट्टीची गरजच उरत नाही. सोलापूर–मुंबई १९६ सागरी मैल.

‘गोवा’ म्हणजे नक्की कुठलं गोवा?

अंतराच्या घोटाळ्याचं सर्वात मोठं कारण गणित नसून नाव आहे. गोव्यात दोन विमानतळ आहेत: दक्षिणेकडचा जुना दाबोळी आणि उत्तरेला पेडणे तालुक्यातला मोपा. मोपाचं उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झालं. सोलापुरातून ९ जून २०२५ ला सुरू झालेलं विमान मोपाला जातं. सोलापूर–मोपा सरळ अंतर सुमारे ३०४ किलोमीटर, सोलापूर–दाबोळी ३३५. ‘सोलापूर ते गोवा’ असं शोधल्यावर एक साइट एक आकडा देते आणि दुसरी दुसरा, त्याचं कारण हे. आकाशातल्या तीस किलोमीटरचं फारसं काही नाही. पण मडगावला लग्नाला जाणाऱ्याने उतरायचं ठिकाण दाबोळी समजून टॅक्सी ठरवली, तर जमिनीवरचा फरक चांगलाच महागात पडतो.

मुंबईचंही आता तसंच झालं आहे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. दोन विमानतळांत सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटर, पण मध्ये खाडी आणि मुंबईची वाहतूक. पुढचं विमान पकडायचं असेल तर तिकिटावर शहराचं नाव न बघता तीन अक्षरी कोड बघा. जुना मुंबई ‘बीओएम’, नवी मुंबई ‘एनएमआय’, मोपा ‘जीओएक्स’, दाबोळी ‘जीओआय’. आपल्या सोलापूरचा ‘एसएसई’.

अजून एक. हवाई अंतराच्या साइट्स कुठल्याही दोन गावांचं उत्तर देतात, मग तिथे विमान उडत असो वा नसो. सोलापूर–हैदराबाद २६८ किलोमीटर, सोलापूर–पुणे २३८, सोलापूर–बंगळूर ५२५. या प्रत्येकापुढे ‘उड्डाणाची वेळ’ही लिहिलेली असते. ती कुणी मोजलेली नसते. अंतर भागिले एक ठरीव वेग, अधिक अर्धा तास, एवढाच तो हिशेब. तो वाईट नाही, पण त्याला वेळापत्रक समजू नये.

लांबच्या प्रवासात सपाट गणित फसतं

वरची रीत चार-पाचशे किलोमीटरपर्यंत उत्तम चालते. तीच मुंबई–लंडनला लावली तर उत्तर येतं ७,५६५ किलोमीटरच्या आसपास. खरं अंतर ७,२१० च्या जवळपास आहे. साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे जवळजवळ सोलापूर–मुंबई एवढी चूक!

कारण पृथ्वी गोल आहे आणि आपण ती कागदावर सपाट करून मोजली. पृथ्वीगोल हातात घेऊन मुंबईवर आणि लंडनवर बोट ठेवा आणि मध्ये दोरा ताणा. भिंतीवरच्या नकाशात आखलेल्या सरळ रेषेपेक्षा दोरा उत्तरेला सरकलेला दिसेल. सर्वात जवळची वाट तीच. कागदावर ती कमानीसारखी वाकडी दिसते, हा कागदाचा दोष.

या गोलावरच्या अंतराचं सूत्र शब्दांत सांगायचं तर असं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, अशा तिघांचा वेगळा गुणाकार करा. दोन्हींची बेरीज ज्या कोनाचा कोसाइन असेल तो कोन अंशांत काढा आणि १११.१९ ने गुणा. मुंबई–लंडनसाठी बेरीज ०.४२४७ येते, कोन ६४.८७ अंश आणि अंतर ७,२१३ किलोमीटर. लंडनचा रेखांश शून्याच्या पश्चिमेला आहे, म्हणून तो उणे घ्यायचा. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे या उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक राहू शकतो. प्रवाशाला तेवढा चालतो.

मात्र विमानाला ही सर्वात जवळची वाट मिळेलच असं नाही. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या विमानांना खालून वळसा घ्यावा लागला. दोरा तोच, अंतर तेच, वेळ मात्र वाढली. २०१९ मध्येही काही महिने असंच झालं होतं.

सोलापूरहून निघालेलं विमान सरळ मुंबईकडे वळतं का?

वाऱ्यावर अवलंबून आहे. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतं. समोरचा वारा पंखांना आयता उचलून धरतो, म्हणून धावपट्टी कमी लागते. सोलापूरच्या धावपट्टीची दोन नावं आहेत: १५ आणि ३३. हे होकायंत्रावरचे अंश, शेवटचं शून्य गाळून. ३३ वरून उडालेलं विमान ३३० अंशांकडे, म्हणजे वायव्येला तोंड करून निघतं. मुंबईची दिशा साधारण २९७ अंश. थोडं डावीकडे वळलं की लागलं वाटेला. तेच वारा आग्नेयेकडून असेल तर १५ वरून, मुंबईकडे पाठ करून उडायचं आणि मग हवेत वळण घेऊन परत फिरायचं. गेली तीन-चार मिनिटं.

मुंबईत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर होतो. तिथली मुख्य धावपट्टी ०९-२७, म्हणजे पूर्व-पश्चिम. वर्षातला बहुतेक काळ विमानं पूर्वेकडून येऊन, समुद्राकडे तोंड करून २७ वर उतरतात. सोलापूरहून येणाऱ्याला ते सोयीचं, आल्या दिशेनेच खाली. पण वारा उलटून ०९ सुरू झाली, की विमानाला शहर ओलांडून समुद्रावर जावं लागतं आणि तिथून वळून परत यावं लागतं. खिडकीतून खाली मुंबई दिसली, मागे पडली, आणि आपण अरबी समुद्रावर! अशा वेळी घाबरायचं कारण नसतं, पण घड्याळात दहाएक मिनिटं धरावीत.

उतरण्याच्या या वाटेचा उतार फार मंद असतो: तीन अंश. दर किलोमीटरला विमान फक्त ५२ मीटर खाली येतं. उलट बाजूने पाहिलं तर धावपट्टीच्या टोकापासून एक किलोमीटरवर विमान जमिनीपासून साठ-सत्तर मीटरच वर असतं. विमानतळाजवळच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या नव्वदेक मीटर उंच चिमणीवरून सोलापुरात वर्षानुवर्षं वाद का चालला, ते या एका आकड्यातून कळतं. ती चिमणी १५ जून २०२३ ला पाडली गेली. पाडण्याच्या बऱ्या-वाईटाबद्दल शहरात आजही दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं बरंच आहे. उताराचं गणित मात्र दोन्ही बाजूंना सारखंच लागू होतं.

चाळीस मिनिटांचा जमाखर्च

आता मूळ प्रश्न. वेळापत्रकातली वेळ ही हवेतली वेळ नसते. विमानाच्या चाकांखालचे अडसर निघून ते जागेवरून हलतं, त्या क्षणापासून पलीकडे जाऊन थांबतं तोपर्यंतची ती वेळ. याला ब्लॉक टाइम म्हणतात. सगळी विमान वाहतूक याच घड्याळावर चालते.

सोलापूर–मुंबईचा ब्लॉक टाइम फोडून बघू. आकडे अंदाजे आहेत, पण प्रमाण असंच असतं. इंजिन सुरू करणं आणि धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणं: आठ-दहा मिनिटं. समांतर टॅक्सीवे (धावपट्टीच्या बाजूने विमानं नेण्याचा रस्ता) नसलेल्या लहान विमानतळावर विमानाला धावपट्टीवरूनच शेवटपर्यंत जाऊन, तिथे यू-टर्न घेऊन उभं राहावं लागतं. पहिल्यांदा बसलेल्यांना वाटतं, उडालंच नाही, परत का फिरलं? मग उड्डाण आणि वळण, तीन मिनिटं. चढण, बारा-तेरा मिनिटं. चढताना वेग कमी असतो. शिवाय १०,००० फुटांच्या खाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या वर जायचं नाही, असा नियम आहे.

उतरण सुरू कधी करायची यासाठी वैमानिकांचा एक साधा ठोकताळा आहे: उंची हजार फुटांत घ्या आणि तिनाने गुणा, तेवढे सागरी मैल आधी खाली यायला लागा. २६,००० फुटांवर असाल तर ७८ मैल आधी, म्हणजे जवळपास १४५ किलोमीटर. चढण्यात साधारण १३० किलोमीटर गेलेले असतात. ३६२ मधून दोन्ही वजा करा. उरले ८७ किलोमीटर. आठशेच्या ‘खऱ्या’ वेगाने विमान फक्त तेवढंच पळतं, सहा-सात मिनिटं. हवाई सुंदरी पाण्याच्या बाटल्या वाटून मागे पोहोचते, तोवर कान दडपायला लागतात.

उतरण अठरा-वीस मिनिटं, उतरण्यासाठीची शेवटची रांग पाच-सहा, आणि मुंबईत उतरल्यावर थांब्यापर्यंत रांगत जाणं दहा मिनिटं. सगळं मिळून एक तास पाच-दहा मिनिटं. आठशे किलोमीटरचा वेग हिशेबात जवळजवळ आलाच नाही.

म्हणूनच कमी अंतरावर लहान पंखेवालं विमान आणि जेट यांत वाटतो तेवढा फरक पडत नाही. मोपाला जाणारं एटीआर ७२ ताशी पाचशेच्या आसपास उडतं. ३०४ भागिले ५०० म्हणजे ३६ मिनिटं, अधिक अर्धा तास, एकूण एक तास पाच-सात मिनिटं. तिथे जेट लावलं असतं तर फार तर दहा-बारा मिनिटं वाचली असती आणि इंधन बरंच जास्त जळलं असतं. एटीआर ‘पंख्याचं विमान’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा जरूर करावा.

‘अधिक अर्धा तास’ हा ठोकताळा लक्षात ठेवा. अंतर भागिले वेग, जेटला ८००, एटीआरला ५००, आणि वर तीस मिनिटं. मुंबई किंवा दिल्लीला उतरायचं असेल तर चाळीस.

ती जास्तीची दहा मिनिटं रांगेची. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच चालते. गर्दी झाली की नियंत्रण कक्ष विमानांना हवेत थांबवतो. विमान उभं राहू शकत नाही, म्हणून ते लांबट अंडाकार फेऱ्या मारतं. एका मिनिटात अर्धं वळण, एक मिनिट सरळ, पुन्हा एका मिनिटाचं अर्धं वळण, पुन्हा एक मिनिट सरळ. म्हणजे एका फेरीला चार मिनिटं. १४,००० फुटांच्या वर सरळ भाग दीड मिनिटाचा, म्हणून फेरी पाच मिनिटांची. सूर्य डावीकडच्या खिडकीतून उजवीकडे आणि परत डावीकडे आला, की एक फेरी झाली असं समजा आणि मिनिटं मोजा.

कंपन्यांना हे सगळं माहीत असतं. म्हणून त्या वेळापत्रकात आधीच थोडी सैल वेळ धरतात. पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर ‘वेळेवर’ या खात्यातच जातो. वैमानिक कधी कधी ‘वेळेआधी पोहोचलो’ म्हणून जाहीर करतो, तेव्हा ती बहुधा या सैल वेळेतलीच बचत असते.

वारा आणि ऊन

वाऱ्याचा परिणाम अंतरावर ठरतो. ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून असेल तर एटीआरचा जमिनीवरचा वेग ४५० होतो, पाठीमागून असेल तर ५५०. मोपाच्या प्रवासात हा फरक चाळीस आणि तेहतीस मिनिटांचा. सात मिनिटं, संपला विषय. मुंबई–कोलकाता साधारण १,६६० किलोमीटर आहे. तिथे हिवाळ्यात वरच्या थरातला पश्चिम वारा ताशी १०० किलोमीटरचा धरला, तर जाताना एक तास एक्कावन्न मिनिटं आणि येताना दोन तास बावीस. जाण्या-येण्याच्या वेळा वेगळ्या छापलेल्या दिसतात, ती छपाईची चूक नसते. आणि वारा जाताना जे देतो ते येताना पूर्ण फिटत नाही. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा नफ्यापेक्षा नेहमी थोडा जास्त.

सोलापूरला वाऱ्यापेक्षा ऊन जास्त नडतं. तापलेली हवा विरळ असते. विरळ हवेत पंखांना आधार कमी आणि इंजिनाला दमही कमी. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८० फूट उंच. या उंचीवर प्रमाण तापमान १२ अंश धरलं जातं. मे महिन्यात दुपारी पारा ४२ वर गेला, की फरक झाला ३० अंशांचा. दर अंशाला १२० फूट या ठोकताळ्याने ३,६०० फूट मिळवा. विमानाच्या दृष्टीने सोलापूर त्या दुपारी ५,२०० फुटांवर असतं. महाबळेश्वर साडेचार हजारांच्या आसपास आहे! होटगी रोडवर घाम पुसत बसलेला प्रवासी आणि महाबळेश्वरपेक्षा उंच जागेवरून उडू बघणारं विमान, दोन्ही एकाच ठिकाणी.

धावपट्टी तर लांबत नाही. ती सुमारे २,१०० मीटरच. मग वजन कमी करावं लागतं: थोडं इंधन, थोडं सामान, कधी काही आसनं रिकामी. सकाळच्या गार हवेत हा प्रश्न बराच सुटतो. मे महिन्यात पर्याय असेल तर सकाळचं विमान घ्या.

घड्याळाची गफलत

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावाची, पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावाची. देशात सगळीकडे एकच वेळ असल्याने हे कधी जाणवत नाही. मुंबई–दुबई १,९२७ किलोमीटर. समजा विमान सकाळी १० ला सुटून ११.४० ला पोहोचतं असं लिहिलंय. एक तास चाळीस मिनिटं? नाही. दुबई आपल्या दीड तास मागे, म्हणून प्रवास तीन तास दहा मिनिटांचा. परत येताना दुपारी १ ला सुटून ५.२० ला पोहोचणारं विमान चार तास वीस मिनिटं घेत नाही. दीड तास वजा करा, दोन तास पन्नास. उमऱ्याला जाणाऱ्यांसाठी: जिद्दा अडीच तास मागे. मध्यरात्रीच्या विमानांत तारीखही बदलते. रात्री १२.३० चं विमान ‘शुक्रवारचं’ असेल, तर गुरुवारी रात्रीच विमानतळावर हजर व्हायचं असतं. या एका चुकीने जितकी विमानं हुकतात तितकी वाहतूक कोंडीनेही हुकत नसावीत.

दारापासून दारापर्यंत

सात रस्त्यावरून विमानतळ पंधरा मिनिटं. काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, म्हणून दीड तास आधी पोहोचायचं. ब्लॉक टाइम सत्तर मिनिटं. सामान यायला वीस. तिथून दादर तासभर. एकूण सव्वाचार तास. वंदे भारत, जी १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली, सोलापूरहून मुंबईला साडेसहा तासांच्या आसपास घेते. स्टेशनला जाणं-थांबणं धरून सात. दादरला जाणाऱ्याचे विमानाने अडीच-पावणेतीन तास वाचतात.

पण काम कल्याणला असेल तर? वंदे भारत तिथे तासभर आधी पोहोचते, आणि विमानतळावरून कल्याण गाठायला दुपारच्या वेळी पावणेदोन तासही लागू शकतात. बचत तासाभरावर येते. तेवढ्यासाठी तिकिटातला फरक मोजायचा की नाही, ते ज्याने त्याने बघावं. आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये झोपून जाणाऱ्याचे जागेपणीचे तास मोजले, तर दोन्ही हरतात.

पुढचं विमान पकडायचं असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर आहेत का, हे आधी बघा. एकाच तिकिटावर असतील आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं, तर पुढची सोय लावणं कंपनीचं काम. वेगवेगळी तिकिटं असतील तर ते तुमचं नशीब. सामान पुन्हा घ्यायचं, टर्मिनल बदलायचं, परदेशाचं असेल तर तासभर आधी बंद होणारा काउंटर गाठायचा. मुंबईत अशा वेळी चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये.

निघायच्या आदल्या दिवशी एक काम पाच मिनिटांत होतं. फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपमध्ये आपल्या विमानाचा क्रमांक टाका आणि गेल्या आठवड्यात ते रोज खरं किती वाजता हललं, किती वाजता थांबलं, ते बघा. आणि प्रवासाच्या दिवशी सोलापूरहून सुटण्याची वेळ बघत बसू नका. तेच विमान त्याआधी जिथून येणार आहे, तिथून सुटलं का ते बघा. ते तिथेच चाळीस मिनिटं उशिरा हललं असेल, तर घरी अजून एक चहा होतो.